चेंबरमधली वीट

मोशी

आमच्या सोसायटीच्या जिन्यासमोर एक लोखंडी झाकण आहे. मुलं त्याच्यावर स्टंप मांडून क्रिकेट खेळतात, दूधवाला त्याच्यावर स्कूटर उभी करतो. मी मात्र भिंतीच्या कडेने, कुंड्यांना साडी घासत, त्याला वळसा घालून जाते. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं आहे.

माझा धाकटा भाऊ विलास चिखलीत राहायचा. त्याच्या इमारतीची मैल्याची टाकी उपसायला एक माणूस उतरला आणि हाका मारूनही उत्तर देईना. विलास दुसऱ्या शिफ्टहून नुकताच आला होता. त्याने जेवणाचा डबा पायरीवर ठेवला आणि त्या माणसाला काढायला तो खाली उतरला. दोघंही जिवंत वर आले नाहीत. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी असल्यामुळे दुःख झालं की पुस्तकाकडे हात जातो. पण टाकी, वायू, मैला असं काही पानावर आलं की मी पुस्तक मिटून जागेवर ठेवत असे.

विलासची बायको शालन एका लहान संस्थेत काम करते. चाकणच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांत स्वस्तातले संडास बांधायला आणि मुख्य म्हणजे ते वापरायला लोकांना तयार करायचं, हे तिचं काम. विलास गेल्यावर काही महिने ती घरी बसली, मग पुन्हा जाऊ लागली. कशी जाते, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. जानेवारीत एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली, चहा घेतला आणि म्हणाली, "ताई, रविवारी वाडीत पहिला खड्डा उघडायचाय. तुम्ही चला."

"मी काय करणार तिथे?"

"काही नाही. उभ्या राहा." कप खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "मला भीती वाटते."

शालन हे म्हणाली म्हणून मी गेले. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या बायकांनीच तसं सांगितलं आहे. का, ते पुढे येईलच.

चाकण

शनिवारी दुपारी निघालो. इंद्रायणीचा पूल मागे पडला की रस्ता पूर्वी शेतांतून जायचा. आता दोन्ही बाजूंना गोदामं आहेत आणि मधूनच एखादा कांद्याचा पट्टा, जणू विकायचा राहून गेलेला. चाकणच्या चौकात नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर, कंपनीच्या बसेस, कांद्याच्या गोण्या भरलेले टेम्पो, सगळं एकमेकांत अडकून उभं होतं. बसच्या काचेला डोकं टेकून पहिल्या शिफ्टची पोरं झोपली होती. विलास असाच झोपायचा. बाजाराचा दिवस होता. कांद्याची टरफलं वाऱ्याने रस्ताभर उडत होती. शालनच्या केसांत एक गुलाबी टरफल अडकलं, ते मी काढलं.

तिथे भेळ खाताना तिने कागदाच्या पाठीवर मला त्या संडासाचं चित्र काढून दाखवलं. एक भांडं. त्याच्यामागे फरशीने झाकलेली छोटी चौकोनी कुंडी, तिला सगळे चेंबर म्हणतात. चेंबरमधून दोन खड्ड्यांकडे जाणाऱ्या दोन वाटा. एका वाटेत वीट बसवून ती बंद करायची आणि दुसरा खड्डा वापरायचा. तो भरला की वीट काढून दुसऱ्या वाटेत बसवायची. भरलेला खड्डा दोन वर्षं तसाच मिटून ठेवायचा. विटांच्या भिंतीला जाळी ठेवलेली असते, पाणी मातीत मुरतं, आत राहतं ते सुकतं आणि त्याचं खत होतं.

"कांद्याच्या चाळीसारखं," मी म्हणाले. आमच्या आजोळी कांदा साठवायची चाळ होती. तिच्या भिंतीला फटी ठेवलेल्या असत, वारा खेळला नाही तर कांदा सडतो म्हणून.

"मी अगदी असंच सांगते त्यांना. खड्डा उथळ ठेवा, जाळी ठेवा. पण माणसाला वाटतं, खोल खणावं, आतून सिमेंट मारावं, म्हणजे कधी भरायला नको. आणि मग ती टाकी होते." शेवटचा शब्द बोलून ती थांबली. कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली.

पुढचा प्रवास सिक्स सीटरने. पायांत कांद्याची रोपं, मांडीवर पिशव्या. समोर टोपीवाले एक मामा आणि त्यांच्याशेजारी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला एक तरुण. बोलता बोलता मामा म्हणाले, "त्या चिखलीला न्हाई का, टाकीत चार माणसं गेली."

"पाच, मामा."

"पाच असतील. पहिल्यानं म्हणं दुसऱ्याचा पाय धरून खाली ओढला."

"गॅस असतो ओ आत."

"गॅस सिलिंडरात असतो, भावा. ह्ये येगळंच हाय." मामांनी हात जोडून कपाळाला लावले. "आमच्या तिकडं आता निम्मी माणसं परत उसात जायला लागल्यात. संडासाचा खड्डा म्हंजे टाकीच की ती. उद्या एकजण उघडणार हाय म्हणं. बघू, किती जणं वर येत्यात."

तरुण हसला. दोनच माणसं होती, असं मला सांगावंसं वाटलं. तेवढा आकडा तरी नीट असावा. शालनने माझ्या हातावर हात ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिली. उतरल्यावर म्हणाली, "ऐकलंत ना? म्हणून उघडायचाय."

वाडी, संध्याकाळ

फाट्यापासून वाडीपर्यंतची वाट उसातून जाते. तोडणी चालू होती. काही फड मोकळे झाले होते, काही डोक्याच्या वर उभे होते. नामदेव आम्हाला घ्यायला आला होता. ज्याच्या घरचा खड्डा उघडायचा तो हाच. चाळिशीचा, सडसडीत, मोठ्या आवाजाचा. हातात काठी आणि खिशातल्या मोबाइलवर भजन, फुल्ल आवाजात.

"भक्तिभाव चांगला आहे," मी म्हणाले.

"भक्ती कसली, मॅडम! बिबट्यासाठी हाय ह्ये. ऊस तुटला की त्याची पिल्लं उघडी पडत्यात, मग ते चवताळतं. आवाज ऐकला की बाजूला व्हतं." मग मागे वळून म्हणाला, "निदान आजपतूर झालंय."

त्यानंतर वाट संपेपर्यंत मी उसाच्या पात्यांकडे बघत चालले. वारा नव्हता, तरी एखादं पातं हलायचं. एकदा माझा पाय पाटात गेला, चप्पल चिखलात रुतली आणि ती काढायला वाकताना पाठ उसाकडे झाली. तेवढ्या क्षणी मला जे वाटलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आणि ह्या वाडीतल्या बायका रोज पहाटे हातात टमरेल घेऊन ह्याच उसात, पाठ करून बसत आल्या होत्या.

नामदेवची बायको मंदा चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. कंपनीची बस फाट्यावर उजाडायच्या आत येते, म्हणून तिला त्याच्याही आधी उरकावं लागतं. संडास होण्याआधीच्या हिवाळ्यात ती उसाच्या कडेला बसली असताना तिच्यासोबत आलेला कुत्रा समोरून उचलला गेला. ओरडलासुद्धा नाही, म्हणाली. नुसती पानं वाजली.

शालनने वाडीत कुणाला संडास बांधा असं कधी सांगितलंच नव्हतं. ती बायकांना एवढंच विचारायची, पहाटे कुठे जाता आणि जाताना मनात काय येतं. पहिल्या बैठकीत सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या बैठकीत मंदाने कुत्र्याचं सांगितलं. त्यानंतर पुरुषांनी खड्डे खणायला घेतले. खर्च फक्त भांड्याचा आणि विटांचा. भिंती कंपनीतून भंगारात मिळालेल्या खोक्यांच्या फळ्यांच्या. नामदेवच्या संडासाच्या दारावर वर जाणारे दोन बाण आणि एक फुटका पेला छापलेला आहे. "नाजूक माल," तो हसत म्हणाला, "जपून बसा."

सगळेच वापरत होते असं नाही. एका घरी मी दार उघडलं तर आत छतापर्यंत कांद्याच्या गोण्या. घरधनीण म्हणाली, "भाव आला की रिकामा करू, बाई." आमच्याकडे पाहुण्यांना बाल्कनीत सामान भरलेलं दिसलं की आम्ही जसे ओशाळतो, तशी ती ओशाळली. दुसऱ्या दोन घरी दारांवर कुलपं होती. चिखलीची बातमी आल्यापासून लावलेली.

जेवायला मंदाने मासवड्या केल्या होत्या. बेसनाची वडी आणि झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. आमच्या घरी मासवड्या विलासला आवडायच्या. तो गेल्यापासून झाल्याच नव्हत्या. शालनने एक वाढून घेतली आणि मग दुसरीही. मला बरं वाटलं.

जेवणाआधी, दिवस कलत असताना, मला जावं लागलं. मोकळेपणाने सांगते, मी दाराशी उभीच राहिले. जागा स्वच्छ होती, बादली भरलेली होती. पण त्या भांड्याच्या मागे जमिनीत काय आहे ते मला ठाऊक होतं. मंदा पाठोपाठ आली. "जावा, बाई. मी हाय हितं उभी." आणि मी आत असेपर्यंत ती बाहेरून काहीबाही बोलत राहिली, कंपनीतल्या सुपरवायझरबद्दल, कोथिंबिरीबद्दल, मला सोबत वाटावी म्हणून. उसाच्या कडेला बायका एकमेकींसाठी असंच बोलत असतील.

नंतर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. ती लसूण सोलत होती. एकदम तिने विचारलं, "बाई, शालनताईंचं मालक म्हंजे तुमचं भाऊ. त्यांला कळलं असंल का? उतरताना?"

ह्याबद्दल मी आजवर कुणाशीही बोलले नव्हते. शालनशीसुद्धा नाही. पण तिने इतकं सरळ विचारलं की मी सांगितलं. वॉचमनने मला सांगितलं होतं तेच सांगितलं. की वरून सगळं शांत दिसत होतं. वर सुकलेला थर होता, वासही फारसा नव्हता. विलासने बाह्या सरसावल्या, वॉचमनला म्हणाला, "आलोच," आणि उतरला. त्याचं डोकं काठाच्या खाली गेलं आणि बस. हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

"वरनं सुकलेलं व्हतं?" मंदाने विचारलं.

"वरून."

तिने हातातली पाकळी तशीच ताटलीत टाकली. ती उठली, संडासाच्या मागे गेली आणि तशीच परत आली. माझ्या मनात काही आलं नाही. लसणाची ताटली न उचलताच ती चुलीकडे गेली, हे मला आज आठवतं. तेव्हा मला वाटलं घाई आहे.

वाडी, सकाळ

झोप लागली नव्हती. सकाळी बाहेर आले तर धुक्यात सारी वाडी नामदेवच्या परसात गोळा झालेली. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीशी. सिक्स सीटरमधले टोपीवाले मामाही आले होते. मला ओळखून त्यांनी मान हलवली. नामदेवने बंद खड्ड्यावरची माती आदल्या दिवशीच ओढून ठेवली होती. खाली फरशी दिसत होती. त्याने अंगातला शर्ट काढून खुंटीला अडकवला, हातात पहार घेतली.

शालनने सगळ्यांना समजावून सांगितलं. फरशी सरकवायची, मग सगळ्यांनी लांब व्हायचं, खड्डा बराच वेळ उघडा ठेवायचा, काठी तळापर्यंत खुपसून बघायची. काठी कोरडी आली तरच पुढचं. तिचा आवाज स्थिर होता, पण ओढणीचं टोक तिने मुठीत आवळून धरलं होतं.

"काठीबिठी काय, ताई!" नामदेव म्हणाला. "माझ्याच घरचं हाय. मी उतरतो आणि घमेलं भरून देतो. म्हंजे ह्यांची तोंडं बंद व्हतील."

"उतर रं, उतर," मागून कुणीतरी म्हणालं. "इम्याचा हप्ता भरलायस ना?"

लोक हसले. एक जाड आवाजाचा गृहस्थ पुढे झाला. "नामदेवा, कशाला हात घाण करतूस? असली कामं करणारी माणसं मिळत्यात की चिखलीला. फोन करायचा."

हे 'असली कामं करणारी माणसं' कोण, ते मला ठाऊक आहे. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी गिरणीत जन्म काढला, तो मुलांना कुणी अशा कामाला बोलवू नये म्हणून. मी खाली बघितलं.

शालनने मात्र त्याच्याकडे सरळ बघितलं. "मिळतात, दादा. तिथेच मिळतात आणि तिथेच मरतात. म्हणून तर हा खड्डा आहे. सुकल्यावर घरच्या माणसाने काढायचा, शेणखत काढावं तसा. दुसऱ्याला बोलवायचंच नाही."

नामदेवने पहारेचं टोक फरशीखाली घातलं.

मला ते बघवेना. पहारेचा लोखंडी आवाज आला. मी तोंड फिरवलं, तेव्हा मंदा दिसली. भिंतीशी उभी होती, पदर दातांत धरून. सगळी वाडी खड्ड्याच्या फरशीकडे बघत होती. मंदा एकटी तिकडे बघत नव्हती. तिची नजर संडासामागच्या त्या छोट्या चौकोनी झाकणावर होती, चेंबरच्या. काल संध्याकाळी ती तिकडेच गेली होती.

मी कधी गर्दीत बोलत नाही. कॉलेजच्या सभेतही नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "थांबा. आधी ते झाकण उघडा."

"कुठलं, मॅडम?"

"चेंबरचं."

"मॅडम भ्यायल्या," कुणीतरी म्हणालं.

"हो, भ्यायले," मी म्हणाले. "उघडा."

शालनने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नजरेमागे मंदाकडे. "नामदेवभाऊ, पहार ठेवा," ती म्हणाली. "वीट जागेवर आहे ना?"

"मीच बसवलीय की, तुमच्यादेखत! दोन वर्सं झाली."

तेव्हा भिंतीशी मंदाचा आवाज आला, इतका बारीक की शेजारच्या बाईने तिला पुढे ढकललं. "न्हाई. वीट न्हाई तितं. मी काढलीय."

नामदेवने चेंबरचं झाकण उचललं. वीट नव्हती. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, दोन्हींतून पाणी जात आलेलं दिसत होतं. ज्याला सगळे मिटलेला, सुकलेला खड्डा समजत होतो, तो मिटलेला नव्हताच. वर सुकी साय धरलेली असणार आणि खाली सगळं ओलं. त्याच्यात नामदेव उघड्या अंगाने उतरणार होता. "आलोच," म्हणून.

मी ओट्यावर बसले.

"कवा काढलीस?" नामदेवने विचारलं.

"तुमी बसवली त्याच्या म्होरल्या म्हयन्यात. तुमी रातपाळीला व्हता."

"का पण? येडी का काय तू?"

"दोन्ही चालू ठिवलं तर दुसरा भरणारच न्हाई, मग पयला उघडायची येळच येणार न्हाई, असं वाटलं." ती रडत नव्हती, डोळे कोरडे होते आणि आवाज वाढत चालला होता. "भरला तर तुमी उतरणार. तुमी असंच, काठीबिठी काय, म्हणून उतरणार. मला तुमी खड्ड्यात उतरायलाच नको व्हता. म्हणून काढली. सांगितलं असतं तर म्हणला असता, भितीस कशाला."

नामदेवने खुंटीवरचा शर्ट घेतला आणि अंगात घातला. बटणं लावताना त्याच्याकडून एक चुकीच्या काजात गेलं.

आणि मग दुसऱ्या एका बाईने, कांद्याच्या गोण्यांवालीने नव्हे, तिच्या जावेने, हळूच म्हटलं, "आमच्यातबी काढलीय."

"काय?" तिचा नवरा.

"नळावर ठरलं व्हतं," तिसरी म्हणाली.

सगळं बाहेर आलं. मंदाने आपली युक्ती नळावर सांगितली होती, आणि एकीकडून दुसरीकडे ती घरोघर गेली होती. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक चेंबरमधली वीट बायकांनी काढून ठेवली होती. एकीने ती न्हाणीत पाय घासायला घेतली होती. पुरुषांना पत्ता नव्हता. शालनलाही नव्हता. ती दर महिन्याला विचारायची, वीट जागेवर आहे ना? आणि पुरुष सांगायचे, हाय की.

टोपीवाल्या मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे आज उघडायचं न्हाई का?"

शालनच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विलासच्या दिवसकार्यानंतर बघितलं नव्हतं. तिची कित्येक वर्षांची पायपीट त्या चेंबरमधून वाहून चालली होती. लोक पांगायला लागले. उद्यापासून परत उसात, हे सगळ्यांना कळलं होतं.

"माझ्यात असंल वीट," मागून एक आवाज आला.

भिकूतात्या. वाडीच्या टोकाला राहणारे, साठी ओलांडलेले. पहिला खड्डा भरला तेव्हा घरात मुलगा, सून, नातवंडं होती. वीट बसवली आणि त्याच सुमारास त्यांची घरधनीण वारली. मुलगा मोशीला खोली घेऊन गेला. तेव्हापासून एकटेच.

"तात्या, खात्री आहे?" शालनने विचारलं.

"कोण काढणार? नळावर मी जात न्हाई, मला कोण काय सांगतंय!"

झाकण उचललं. वीट होती. तिच्यावर कोळ्याचं जाळं धरलं होतं.

ह्या वेळी कुणी घाई केली नाही, कुणी विम्याचा विनोद केला नाही. फरशी सरकवली आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. उन्हं चढली, धुकं गेलं. मंदाने सगळ्यांना चहा आणून दिला, नवऱ्याला सोडून; मग त्यालाही दिला. शालनने लांब काठी तळापर्यंत खुपसली, बाहेर काढली, आणि माझ्याकडे आणली. कोरडी होती. पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूला. कोरडी.

भिकूतात्या काठावर बसले, पाय आत सोडले आणि उतरले. आतलं सुकून खाली बसलं होतं, खड्डा त्यांच्या कमरेपर्यंत आला. डोकं वर, आमच्यासमोर, उन्हात. ते डोकं मी एक क्षणही नजरेआड होऊ दिलं नाही. तात्या वाकले, फावड्याचा आवाज आला, आणि ते खोकले. एकदा, मग लागोपाठ. माझा हात शालनच्या खांद्यात रुतला. ती पुढे धावली. "तात्या! वर या! वर या!"

तात्यांनी मान वर केली, डोळ्यांत पाणी. "काय न्हाई, काय न्हाई," ते म्हणाले. "तंबाखू गिळली."

हसायला वेळ लागला, पण मग सगळी वाडी हसली. मामा तर मटकन खालीच बसले.

घमेलं वर आलं. काळपट, भुसभुशीत माती. आधी शालनने मूठभर घेतली, मग मंदाने. मंदाने ती माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला होता, तो पुढे केला. हलकी होती. नाकाजवळ नेली. मला ज्या वासाची विलास गेल्यापासून भीती वाटत होती, तो नव्हता. खरं तर कसलाच नव्हता. अगदी जवळ नेल्यावर ग्रंथालयाच्या खालच्या फळीवरच्या, कुणी फारशा न मागितलेल्या पुस्तकांसारखा थोडासा.

"तात्या, ह्याचं काय करणार?" मी विचारलं.

"लिंबू लावलंय तिनं," त्यांनी घरामागे बोट दाखवलं. "त्याला घालतो. तिचंबी असंलच की ह्याच्यात थोडं." आणि ओशाळून ते पुन्हा वाकले.

परत

निघायच्या आधी नामदेवने वीट शोधून आणली; ती चुलीजवळ कांदे सुकवायच्या पाटीखाली होती. सगळ्यांसमोर चेंबरमध्ये बसवली, चिखल लावून सांध भरली. मग मंदाला म्हणाला, "हात लाव बघू. हालतीय का?" तिने लावला. "न्हाई हालत."

आता पुन्हा दोन वर्षं. शालन प्रत्येक घरी गेली आणि ह्या वेळी पुरुषांना नाही, बायकांना विचारलं. खड्डा खरंच भरला तर काय वाटतं, कशाची भीती आहे. कुलपं काढली गेली का, हे मी बघू शकले नाही; आमची गाडी निघत होती. मी मंदाला माझा नंबर दिला.

चाकणच्या चौकात पुन्हा अडकलो. "काही झालं असतं का हो, ताई?" शालनने विचारलं. "नामदेवला?"

"मला काय माहीत? तुलाच माहीत."

"मलाही नाही. झालं असतं किंवा नसतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "विलासलाही असंच वाटलं असेल."

घरी आले तेव्हा अंधारलं होतं. मी झाकणाला वळसा घालून, कुंड्यांच्या कडेने जिना चढले. अजूनही तशीच जाते. भीती गेली असं मी लिहिणार नाही. पण पुढच्या महिन्यात सोसायटीने टाकी उपसायची म्हटल्यावर मी सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिले आणि यंत्राची गाडी येऊन नळीने उपसून जाईपर्यंत खाली झाकणापाशी उभी होते. माणूस उतरणार नाही, एवढंच बघत.

रविवारी सकाळी मंदाचा फोन येतो. परवा म्हणाली, बिबट्या पुन्हा आलाय, फाट्याजवळच्या उसात कुणीतरी बघितला. मी लगेच विचारलं, "तू पहाटे कुठे जातेस?"

"जाती कुठं? नाजूक मालात बसती." ती हसली. मागे बादलीचा आवाज येत होता.

फोन ठेवण्याआधी मी दर वेळी तेच विचारते.

"वीट?"

"थांबा, बघून सांगती." पावलं ऐकू येतात, झाकण सरकल्याचा आवाज येतो, मग तिचा श्वास. "हाय."